एमजीबी 1967, जुळे एसयू कार्बुरेटर: गरम झाली की स्लो डळमळतो, मग बंद

नॉटिंगहॅमचा_नाना

गाडी एमजीबी रोडस्टर, 1967, मार्क 1. इंजिन 18 जीबी, म्हणजे पाच मेन बेअरिंगचं 1798 सीसी. एसयू कंपनीचे दोन एचएस 4 कार्बुरेटर, लुकासचा 25 डी 4 डिस्ट्रिब्युटर, डायनामो, पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं + टोक बॉडीला जोडलेलं). सगळं मूळचंच आहे, इलेक्ट्रॉनिक काही बसवलेलं नाही.

थंड असताना चोक ओढला की लगेच चालू होते. वीसेक मिनिटं चालवून सिग्नलला थांबलं की स्लो (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालतं तो वेग) 500 ते 1100 आरपीएमच्या मध्ये झोके घेतो आणि इंजिन बंद पडतं. मग सेल मारत बसा. दहा मिनिटं थंड होऊ दिली की जणू काही झालंच नाही अशी चालू होते. मोकळ्या रस्त्यावर 60 मैलांच्या वेगाला काही तक्रार नाही. ॲक्सिलरेटर झटकन दाबला तर क्षणभर गुदमरते.

प्लग काढून पाहिले: 1 आणि 2 काळे, 3 आणि 4 पांढुरके. कार्बुरेटरचं रिबिल्ड किट मागवायचा विचार आहे. कोणतं घ्यावं, पूर्ण की नुसतं गास्केटचं?

---

टॅपेट_तात्या

नाना, किट मागवू नका इतक्यात. या इंजिनावर कार्बुरेटरला हात सगळ्यात शेवटी लावायचा. एसयूमध्ये हलणारे भाग इतके थोडे आहेत की तो एका रात्रीत बिघडत नाही. पण बॉनेट उघडलं की तोच समोर दिसतो, म्हणून प्रत्येकाचा स्क्रूड्रायव्हर आधी तिकडे वळतो. मग मूळ दोष बाजूला राहतो आणि सेटिंगही जातं.

क्रम असा ठेवा.

टॅपेट (व्हॉल्व्ह आणि रॉकरमधली फट): इंजिन पूर्ण थंड असताना 0.015 इंच (0.38 मिमी). नऊची बेरीज लक्षात ठेवा. 8 नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तेव्हा 1 चा गॅप, 7 उघडा असेल तेव्हा 2 चा, असं. रॉकरच्या टोकाला खड्डा पडलेला असेल तर सपाट फीलर गेज त्या खड्ड्यावर पूल बांधतो आणि गॅप खोटा दिसतो. अशा वेळी अरुंद पात्याचा गेज घ्या.

कॉम्प्रेशन: चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून, इंजिन गरम असताना. चारही आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांत असले की पुढे जा. शेजारशेजारचे दोन एकदम कमी आले तर मधलं हेड गास्केट गेलंय, मग कार्बुरेटरची चर्चा इथेच थांबवा.

पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क): 0.015 इंच, किंवा ड्वेल मीटर (ते किती अंश बंद राहतात ते मोजणारा) असेल तर 60 अंश. ड्वेल मीटरच बरा, कारण जुन्या पॉइंटवर एका बाजूला टेकाड झालेलं असतं आणि गेज त्याच्यावर बसतो. प्लगचा गॅप 0.025 इंच. बीपी6ईएस किंवा त्या तोडीचा प्लग.

टायमिंग (पिस्टन पूर्ण वर येण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते): 18 जीबीला स्टॅटिक 10 अंश, स्ट्रोब लाइटने 600 आरपीएमला 14 अंश. व्हॅक्यूमची नळी काढून तोंडाने ओढून बघा. आतली प्लेट हलली पाहिजे आणि जिभेने नळी बंद केली की तिथेच टिकली पाहिजे.

आणि एक खास तुमच्या वर्षाचं. 1964 ते 68 च्या इंजिनांवर इनलेट मॅनिफोल्डवर कुत्र्याच्या छत्रीसारखा गोल व्हॉल्व्ह असतो, क्रँककेसची वाफ ओढणारा. त्यातलं रबरी डायफ्राम फाटलं की मॅनिफोल्डमध्ये हवेचं मोठं भोक पडतं. तपासणी सोपी: स्लोवर असताना ऑइल भरायचं झाकण काढा. आरपीएम साधारण 200 ने वाढला तर व्हॉल्व्ह ठीक. काहीच फरक पडला नाही तर उघडून बघा. वरची तार काढली की झाकण सुटतं, आतल्या स्प्रिंगवर हात ठेवा.

---

वायरमन_वॉटफर्ड

तात्यांशी सहमत. भर एवढीच की तुमच्याकडे दोन वेगळे दोष दिसतायत. गरम झाल्यावर दहा मिनिटं चालू न होणं हे बहुतेक करून विजेचं काम, आणि स्लोचे झोके हे हवेचं. एकच औषध शोधाल तर फसाल.

बंद पडल्याबरोबर हे करा. इग्निशन चालू, इंजिन बंद: मागचा एसयूचा विजेवरचा पेट्रोल पंप टिकटिकतो का ऐका. कार्बुरेटरचे बाउल (पेट्रोल साठवणारी भांडी) भरलेले असले की दोनचार टिक होऊन गप्प झाला पाहिजे. सतत टिकटिकत राहिला तर पेट्रोल येत नाही किंवा सक्शनला हवा घेतोय. अधूनमधून एखादी टिक येत असेल तर एक तर फ्लोटची सुई गळतेय किंवा पंपाचा आतला व्हॉल्व्ह पेट्रोल मागे सोडतोय. कार्बुरेटरकडची नळी बरणीत सोडून मोजलं तर मिनिटाला किमान एक पाइंट (सुमारे 570 मिली) यायला हवं. हे काम गार इंजिनावर आणि उघड्यावर.

मग ठिणगी. जादा प्लग वायरीला लावून त्याचं आट्याचं अंग ब्लॉकला टेकवा आणि सेल मारा. ठिणगी निळी, जाड, कडकडीत हवी. पिवळट आणि बारीक असेल, त्यातही गरम असतानाच तशी होत असेल, तर कंडेन्सर. सध्या बाजारात मिळणारे बरेच कंडेन्सर पेटीतून काढल्याबरोबर चालतात आणि गरम झाल्यावर मान टाकतात. त्यानंतर रोटर. ज्याच्या पितळी पट्टीला मधोमध रिवेट आहे तो टाळा, त्या रिवेटमधून ठिणगी खालच्या शाफ्टला उडते. रिवेट नसलेला मिळतो, तोच घ्या.

डिस्ट्रिब्युटरच्या आत कापडी वेष्टनाची एक छोटी अर्थची वायर असते, हलत्या प्लेटपासून बॉडीपर्यंत. तिचे धागे आतून तुटलेले असतात आणि बाहेरून धडधाकट दिसते. मीटर लावून प्लेट हाताने फिरवत मोजा.

पॉझिटिव्ह अर्थमध्ये कॉइलचं + टोक डिस्ट्रिब्युटरकडे आणि − टोक इग्निशनच्या पांढऱ्या वायरीकडे. उलटं लावलं तरी गाडी चालते, म्हणूनच कुणाच्या लक्षात येत नाही, पण ठिणगी कमजोर होते. कॉइलचा प्रायमरी रोध 3 ओहमच्या आसपास हवा. 1.5 ओहमचा आढळला तर तो नंतरच्या, बॅलास्ट वायर असलेल्या गाड्यांचा आहे. तो तुमच्या गाडीत पॉइंट जाळेल.

---

ओव्हरड्राइव्ह_ओंकार

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलच का नाही बसवत? एकदा बसवलं की दर 3000 मैलांना गॅप बघायची कटकट नाही.

---

वायरमन_वॉटफर्ड

बसवा, हरकत नाही, पण पॉझिटिव्ह अर्थसाठी बनवलेलंच. निगेटिव्हचं मॉड्यूल उलटं जोडलं तर ते त्या क्षणी मरतं. आणि निदान पूर्ण होईपर्यंत नको. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट ढिला असेल, आतली वजनं गंजलेली असतील, तर मॉड्यूल त्यावर पांघरूण घालतं, दुरुस्त करत नाही. शिवाय पॉइंट मरताना आधी कुरकुरतात, मॉड्यूल एम 1 मोटरवेवर न सांगता जातं. डिकीत पॉइंट, कंडेन्सर आणि रोटर ठेवायचेच असतील तर ते आतच का नसावेत, असं माझं मत.

---

नॉटिंगहॅमचा_नाना

आकडे देतो. कॉम्प्रेशन 155, 160, 158, 152. टॅपेट दोन घट्ट होते, लावले. टायमिंग 14 अंशावर. व्हॅक्यूम टिकतो. ऑइलचं झाकण काढल्यावर आरपीएम वाढतो.

गरम झाल्यावर ठिणगी खरंच पिवळी होत होती. कंडेन्सर आणि रोटर बदलले. आता गरम असतानाही लगेच चालू होते. पण स्लोचे झोके तसेच, आणि 3-4 चे प्लग अजून पांढरे.

---

एसयू_शास्त्री

आता कार्बुरेटरकडे यायला हरकत नाही. मागचा कार्बुरेटर 3 आणि 4 ला पुरवतो. तिथे मिश्रण पातळ (पेट्रोल कमी), पुढे गडद (पेट्रोल जास्त). याचा अर्थ कुणीतरी दोन्हीचे मिश्रणाचे सेटिंग नट सारखे फिरवून मागच्या बाजूची हवेची गळती झाकायचा प्रयत्न केलाय.

आधी गळती शोधा. इंजिन गरम, स्लोवर. कार्बुरेटर क्लीनरचा बारीक फवारा थ्रॉटलच्या स्पिंडलच्या दोन्ही टोकांवर, मग कार्बुरेटर आणि मॅनिफोल्डमधल्या पॅकिंगवर, मग मॅनिफोल्ड आणि हेडच्या सांध्यावर. जिथे आरपीएम बदलेल तिथे गळती. खाली एक्झॉस्ट तापलेला असतो, तेव्हा फवारा थेंबाथेंबाने, आणि अग्निशामक हाताशी. डबा पूर्ण दाबून धरू नका.

एचएस 4 मध्ये पन्नास वर्षांनी हमखास झिजते ती ही स्पिंडल आणि तिची भोकं. स्पिंडल 5/16 इंची, बॉडी ॲल्युमिनियमची, आत बुश नाही. वरखाली हलवून हाताला खेळ लागला तर गेली. नुसती नवी स्पिंडल घालून अर्धंच काम होतं, कारण भोक अंडाकृती झालेलं असतं. दोन मार्ग: जाड मापाची स्पिंडल घेऊन भोकं त्या मापाला रीम करणं, किंवा भोकं मोठी करून बुश बसवणं. दोन्हीत दोन भोकं एका रेषेत राहिली पाहिजेत. हातातल्या ड्रिलने हे होत नाही, तेवढं काम लेथवाल्याकडे द्या. एसयूचे अस्सल भाग आजही इंग्लंडमधल्या सॉल्झबरीच्या बर्लेन कंपनीकडे बनतात.

स्पिंडल काढताना थ्रॉटलच्या चकतीवर आणि बॉडीवर खूण करा. चकती तिरकी घासलेली असते, उलटी बसली तर पूर्ण बंद होत नाही. तिच्या दोन स्क्रूंची टोकं चिरलेली आणि फाकवलेली असतात. ती चिमट्याने जवळ आणल्याशिवाय पिळलंत तर स्पिंडलचे आटे जातील. बसवताना नवे स्क्रू घ्या, चकती बंद करून मध्यावर येऊ द्या, मग आवळा आणि टोकं परत फाकवा. हे विसरलं तर सुटलेला स्क्रू सरळ व्हॉल्व्हवर जातो.

कार्बुरेटर बाहेर आहेतच, तर हेही उरकून घ्या.

डॅशपॉट (कार्बुरेटरचं वरचं घुमटासारखं झाकण) आणि त्यात वरखाली होणारा पिस्टन ही जोडी कारखान्यात एकमेकांना जुळवलेली असते. पुढचं मागे जाऊ देऊ नका. उतरवण्याआधी बॉडी आणि डॅशपॉटवर एकच रेघ ओढा. आतून स्पिरिट किंवा पेट्रोल आणि मऊ फडकं, पॉलिश पेपर अजिबात नाही. पिस्टनच्या मोठ्या चकतीला तेल लावायचं नसतं, दांड्याला एक थेंब पुरे.

मग पाडणी. डॅशपॉट उलटा धरून पिस्टन तळाशी ढकला, पिस्टनमधली हवेची भोकं प्लॅस्टिसिनने बुजवा, डॅम्पर लावा, आणि सरळ करून डॅशपॉट खाली सरकायला किती वेळ लागतो तो मोजा. 5 ते 7 सेकंद चांगले. दोन्हीत फार फरक नको.

सुई (पिस्टनला खाली लावलेली, जेटमध्ये शिरून पेट्रोल कमीजास्त करणारी): तिची खांदेपट्टी पिस्टनच्या खालच्या पृष्ठभागाशी सपाट. आत गेली तर मिश्रण गडद, बाहेर राहिली तर पातळ, आणि नट कितीही फिरवलात तरी दोन्ही कार्बुरेटर जुळणार नाहीत. दोन्ही सुयांच्या मुठीवर कोरलेला नंबर एकच आहे ना ते भिंगाने बघा.

जेट मध्यावर आणणं: तुमच्या सुया पक्क्या आहेत, त्यामुळे हे करावंच लागतं. सेटिंग नटाखालची स्प्रिंग काढा, नट पूर्ण वर पिळा, जेट वर चढवा. वरचा लॉक नट ढिला करून पिस्टन पेन्सिलने हलका खाली दाबा आणि तसाच धरून लॉक नट आवळा. पिस्टन उचलून सोडला की पुलावर (जेटभोवतीच्या सपाट भागावर) टक्‌ असा स्वच्छ आवाज आला पाहिजे. जेट खाली केल्यावर येणारा आवाज आणि वर असताना येणारा आवाज सारखा असावा. नसेल तर परत.

फ्लोट: झाकण उलटं धरून फ्लोट आणि झाकणाच्या कडेमध्ये 1/8 इंची (3.2 मिमी) ड्रिलची दांडी सरकली पाहिजे. जेटची नायलॉनची नळी बाउलच्या तळाशी जाते. तिचं टोक रबरी गाळ्याच्या पलीकडे निदान 4-5 मिमी बाहेर हवं, नाहीतर आवळताना नळी निसटते आणि पेट्रोल एक्झॉस्टवर टपकतं. ही गळती मला सगळ्यात धोक्याची वाटते. एमजीबीला आग लागायला दुसरं काही लागत नाही.

---

शनिवारवाडा_एमजी

मध्येच विचारतो, पुण्याहून. एमजी मिजेट, दोन एचएस 2. इथे आता बहुतेक पंपांवर ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) च. या सगळ्यात मिश्रणाचं गणित बदलतं का?

---

एसयू_शास्त्री

बदलतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने 14.7 भाग हवा लागते, ई20 ला साधारण 13.5. म्हणजे त्याच हवेला सुमारे 9 टक्के जास्त इंधन. पेट्रोलवर जुळवलेली गाडी ई20 वर पातळ चालते: चढावर गुदमरणं, गरम होणं, ॲक्सिलरेटर सोडल्यावर एक्झॉस्टमध्ये फटाके.

पण नुसता जेट खाली करून हे पूर्ण भरून निघत नाही. स्लोवर सुई आणि जेटमधली फट अगदी बारीक असते, त्यामुळे जेट थोडा खाली केला की तिथे मोठा फरक पडतो. वर, सुईच्या निमुळत्या भागात, तेवढाच बदल नगण्य ठरतो. म्हणून स्लो गडद आणि रस्त्यावर पातळ अशी गाडी तयार होते. खरा उपाय एक पायरी गडद सुई. मॅन्युअलमध्ये प्रत्येक इंजिनाला स्टँडर्ड, गडद आणि पातळ अशा तीन सुया दिलेल्या असतात, तिथून सुरुवात करा.

रबराचं वेगळं. इंधनाच्या सगळ्या नळ्या एसएई जे 30 आर 9 दर्जाच्या घ्या, हे नळीवरच छापलेलं असतं. आर 6 आतून चिकट होऊन सुटते आणि तिचा काळा चुरा फ्लोटच्या सुईखाली अडकतो. बाहेरून कापडी विणीची नळी दिसायला अस्सल वाटते, पण तडे दिसत नाहीत. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बाउल रिकामे करून ठेवा.

ब्रिटनवाल्यांसाठी: सप्टेंबर 2021 पासून साधं 95 म्हणजे ई10. 97 आणि वरचं सुपर घेतलंत तर ते ई5 च्या गटात येतं. एमजीबीत तेच टाका.

---

नॉटिंगहॅमचा_नाना

मागच्या स्पिंडलवर फवारा गेला की आरपीएम लगेच बदलतो, हाताला खेळही लागतो. पुढची घट्ट आहे. पाडणी मोजली: पुढचा डॅशपॉट 9 सेकंद आणि मध्येच अडकतो, मागचा 3 सेकंद.

---

एसयू_शास्त्री

एक हळू आणि अडकणारा, दुसरा धावणारा. पिस्टन आपसात बदललेले असण्याची दाट शक्यता. अदलाबदल करून परत मोजा, खर्च काही नाही. दोन्ही 5 ते 7 मध्ये आले तर प्रश्न मिटला.

---

नॉटिंगहॅमचा_नाना

बदलून पाहिले. 6 आणि 6.5. मागची बॉडी बुश करायला दिली आहे. परत आल्यावर सेटिंगचा क्रम सांगून ठेवा.

---

टॅपेट_तात्या

हे मी सांगतो, शास्त्रीबुवा दमले असतील.

बसवताना पॅकिंगचा क्रम: मॅनिफोल्ड, पॅकिंग, काळा इन्सुलेटर ब्लॉक, पॅकिंग, उष्णतारोधक पत्रा, पॅकिंग, कार्बुरेटर. पत्र्याच्या एका बाजूचं पॅकिंग राहिलं की परत तीच हवेची गळती, आणि तुम्ही नव्या बुशला शिव्या द्याल.

दोन्ही जेट पुलाशी सपाट करा, तिथून नट दोन पूर्ण फेरे खाली, म्हणजे बारा बाजू. दोन्ही स्पिंडलना जोडणाऱ्या दांड्याच्या क्लिपा ढिल्या सोडा. चोकची केबल पूर्ण सैल. थ्रॉटल स्टॉप स्क्रू चकती बंद होईपर्यंत उलटे फिरवा, मग टेकल्यापासून एक फेरा आत.

डॅम्परमध्ये 20 ग्रेडचं तेल, किंवा इंजिनचं 20 डब्ल्यू 50. डॅम्पर खाली घालताना टोपी आट्यांपासून 6 मिमी वर असताना अडथळा जाणवला की पातळी बरोबर. तुमचं क्षणभराचं गुदमरणं अर्धं इथून येतं. तेल संपलेलं असलं की पिस्टन एकदम वर उडतो आणि मिश्रण पातळ होतं. शिलाई मशीनचं तेल फार पातळ, ते नको.

इंजिन पूर्ण गरम करा, पंधरा मिनिटं तरी. आधी हवा जुळवायची, मग मिश्रण. अर्धा मीटर रबरी नळी एका कानाला आणि दुसरं टोक कार्बुरेटरच्या तोंडाशी: दोन्हीकडची शिट्टी एकाच पट्टीत येईपर्यंत स्टॉप स्क्रू फिरवा. फ्लोमीटर असेल तर उत्तम, नसेल तरी अडत नाही.

मिश्रण: डॅशपॉटखालच्या पिनने पिस्टन जेमतेम 0.8 मिमी उचला. आरपीएम वाढून तिथेच राहिला तर गडद, नट एक बाजू वर. इंजिन बसायला लागलं तर पातळ, एक बाजू खाली. किंचित वाढून परत जागेवर आला तर बरोबर. एका वेळी एकच बाजू, आणि प्रत्येक बदलानंतर जरा रेस करून परत स्लोवर येऊ द्या. मागचा लावलात की पुढचा पुन्हा तपासा, कारण मॅनिफोल्डमधल्या जोडनळीमुळे दोघांचं एकमेकांवर जातं. तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ स्लोवर ठेवलं तर प्लग काजळतात आणि फसवतात.

स्लो पुस्तकात 500 दिलाय. तो आजच्या पेट्रोलवर धरू नका, 700-750 ठेवा.

---

ओव्हरड्राइव्ह_ओंकार

आणि स्पिंडलच्या क्लिपा आवळताना?

---

टॅपेट_तात्या

पेडल मोकळं असताना दांड्याची पिन काट्यात टेकता कामा नये, साधारण 0.012 इंचाची फट ठेवून आवळा. दोन्ही बाजूंना सारखी. नाहीतर स्लो पेडलवर टांगलेला राहतो. चोकची केबल सगळ्यात शेवटी, 1.5 मिमी ढील ठेवून. नॉब थोडाच ओढला तर आधी फक्त फास्ट आयडल वाढला पाहिजे, जेट हलायचे नंतर. ओढून झाल्यावर वाकून बघा, दोन्ही जेट एकदम खाली येतात का, आणि सोडल्यावर दोन्ही पूर्ण वर जातात का. मागचा एखादा मिलिमीटर खाली अडकून राहतो, तेव्हा बोटाने वर ढकला आणि नळीला वळण देऊन मोकळा करा.